गोपीचंदच्या गाडीतला आवाज

मोहाडीच्या गोपीचंद झंझाडांनी आयुष्यभर धानाची मिल चालवली. आधी तुमसरला दुसऱ्याच्या मिलमध्ये मशीनवर उभं राहून, मग मोहाडीत स्वतःची लहानशी टाकून. मिलचा पट्टा फिरायला लागला की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. घरी आल्यावरही ते तसेच मोठ्यानं बोलत. लोक म्हणत, मिलवाल्याचा आवाजच तसा.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. हौस म्हणून घेतलेली ही त्यांची पहिलीच वस्तू. गाडीत भजनं लावायची आणि एकटंच वरठीपर्यंत जाऊन यायचं, हा त्यांचा शौक. तरुणपणी ते गावच्या भजन मंडळात टाळ धरायचे. गाण्यातला शब्द अन् शब्द कळला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आणि या गाडीत तो शब्दच नीट येईना.

"पेटी येते, तबला येते," ते बायकोला, देवकाबाईंना, सांगत. "पण गाणारा तोंडात पान धरून गाऊन राहिला असं वाटते."

साकोलीला त्यांची बहीण राहते. तिच्याकडे गेले असताना हायवेवरच्या एका दुकानात त्यांनी गाडी उभी केली. दुकान अश्वजित नावाच्या तिशीतल्या माणसाचं. त्यानं दाराचं आतलं कव्हर उघडून कंपनीचा स्पीकर बाहेर काढला. पातळ कागदाचा पडदा आणि मागे एवढंसं चुंबक.

"चारही बदलून टाक," गोपीचंद म्हणाले.

"चार कायले, काका? मागचे राहू द्या. तुम्ही समोर बसता, तर समोरचेच जरा चांगले घ्या. टेपही हाच चालते. अन् दाराच्या पत्र्याले आतून जाड शीट चिकटवून देतो, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. एवढ्यात काम होते तुमचं."

काम खरोखर झालं. परत येताना तबल्याची थाप छातीवर पडत होती. गोपीचंद खुश होऊन मोहाडीपर्यंत गुणगुणत आले. ती खुशी महिनाभरही टिकली नाही. शब्द पुन्हा पुसट वाटू लागले. ते परत साकोलीला गेले. अश्वजितनं काचेजवळ दोन छोटे स्पीकर बसवले, बारीक आवाजासाठी. मग स्वतः आत बसून गाणं ऐकलं.

"काका, मले तर साफ ऐकू येऊन राहिलं."

"तुले येत असन बापा. माह्यासाठी अजून थोडं वाढव."

त्यानं वाढवलं.

गोपीचंदांची एकुलती एक मुलगी रक्षा तेव्हा भंडाऱ्याला बी.एड. करत होती. एक वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं. मिलच्या कामानं गोपीचंद भंडाऱ्याला निघाले की तिला कॉलेजात सोडत. घरात नेहमी कोणी ना कोणी असे, मिलमध्ये तर बोलायची सोयच नाही. बापलेकीला एकटं बसायला मिळायचं ते या गाडीतच. ती पूर्ण रस्ता बोलत राही. ते गाडी चालवत, मान हलवत, "हो, हो" म्हणत. त्यांना ते फार आवडायचं. ती काय बोलते त्यातलं निम्मंही त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. दोनदा विचारलं की पोरगी हसेल, म्हातारे झाले म्हणेल, म्हणून "हो" म्हणणं सोपं पडे.

त्या उन्हाळ्याआधी सिहोऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगा मनिष, घरची धानाची शेती, स्वभावानं शांत. गोपीचंदांना घर पसंत पडलं. मुलाकडचे उत्तराची वाट पाहत होते आणि लग्न वैशाखातच व्हावं म्हणत होते.

एका सकाळी भंडाऱ्याच्या रस्त्यावर रक्षा बराच वेळ गप्प होती. भजन सुरू होतं. मग खिडकीकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "बाबा, मले आता लग्न नाही करायचं. माहं बी.एड. पुरं होऊ द्या. तुम्ही त्यायले नाही म्हणून सांगान का?"

गोपीचंदांना तिचे ओठ दिसले नाहीत. भजनातून "त्यायले" आणि "सांगान का" एवढंच त्यांच्या हाती लागलं. त्यांना वाटलं, पोरगी लाजत विचारते आहे की सिहोऱ्याला होकार कधी कळवता.

"सांगतो ना," ते हसून म्हणाले. "आजच सांगतो."

रक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते आणखी खुश झाले.

संध्याकाळी ती बसनं घरी आली तेव्हा देवकाबाई शेजारणीच्या हातावर पेढा ठेवत होत्या. गोपीचंदांनी दुपारीच फोन करून होकार दिला होता. रक्षा दारातच थांबली.

"बाबा, तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं की! तुले म्हटलं होतं ना?"

तिनं एवढंच धरलं की बापानं सगळं ऐकलं, तोंडावर गोड बोलला आणि करायचं तेच केलं. अशा माणसापुढे दुसऱ्यांदा काय बोलायचं? लग्न झालं. राहिलेलं वर्ष नंतर पुरं करू, असं सासरचे म्हणाले होते. पण सिहोऱ्याहून भंडारा लांब पडलं, मग शेतात धानाची रोवणी आली, मग दिवस गेले आणि मुलगी झाली. कोणी अडवलं नाही, पण ते वर्ष राहिलं ते राहिलंच. मनिषनं तिला कधी दुखवलं नाही. माहेरी आली की ती आईशी बोले. बापानं विचारलं तर "बरं आहे" म्हणे. गोपीचंद मनाशी म्हणत, लग्न झालं की लेकी अशाच होतात.

पुढच्या एका फेरीत ते देवकाबाईंना घेऊन तिसऱ्यांदा अश्वजितच्या दुकानात गेले. स्पीकर पुन्हा बदल म्हणाले. अश्वजित गाडीच्या मागे उभा राहून काही विचारत होता. गोपीचंद पुढे पाहतच उभे. देवकाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात घरातल्या कितीतरी गोष्टी एकदम जुळल्या.

"अवो, तो तुम्हालेच विचारून राहिला," त्यांनी नवऱ्याचा हात धरून वळवलं. "स्पीकर राहू द्या. आधी कान दाखवा."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली. मशीनच्या आवाजानं हळूहळू गेलेले कान. जाड आवाज बऱ्यापैकी येत होते. बारीक आवाज, बायकांचं हळू बोलणं, शब्दांचे काठ, हे केव्हाच गेलं होतं. गोपीचंदांना श्रवणयंत्र लागलं. पहिल्याच दिवशी गाडीत भजन लावलं आणि त्यांनी घाबरून बंद केलं. इतकी वर्षं शेजारी बसलेले लोक हे कसं सहन करत होते?

दिवाळीला ते रक्षाला आणायला सिहोऱ्याला गेले. तान्ही मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. तुमसर मागे पडल्यावर त्यांनी कानामागचं यंत्र तिला दाखवलं, जरा लाजतच.

"कवापासून येत नव्हतं ऐकू?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणते, लई वर्षांपासून असन."

ती म्हणाली, "गाडी थांबवा, बाबा."

त्यांनी एका बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, काठाशी गाडी उभी केली. कापणीला आलेलं धान दोन्ही बाजूंना उभं होतं. रक्षानं त्या सकाळचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. यावेळी गोपीचंदांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मले ऐकूच नाही आलं, बेटा," ते कसेबसे म्हणाले.

"मंग हो काहून म्हटलं?"

"तू बोलत होती. मले वाटलं, दुसऱ्यांदा विचारलं तर तू थांबशीन."

रक्षा रडली. पोर जागी होऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून रडली. "मी दोन वरीस तुमच्यावर राग धरून बसली. मले वाटलं, तुम्ही मले फसवलं."

गोपीचंदांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण हात उचलला नाही. डोळे पुसून तिनंच विचारलं, "बाबा, खरं सांगा. ऐकू आलं असतं, तर नाही म्हटलं असतं का त्यायले?"

त्यांना 'हो' म्हणायचं होतं. तो शब्द तोंडाशीही आला होता. पण ते स्थळ त्यांना किती आवडलं होतं, हे त्यांनाच माहीत होतं. कदाचित त्यांनी तिला समजावलं असतं. कदाचित दटावलं असतं.

"मले नाही माहीत," ते म्हणाले.

रक्षानं मान हलवली. "चला," ती म्हणाली. "आई वाट पाहत असन."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ती फोन करते, आणि कळलं नाही तर गोपीचंद न लाजता दोनदा विचारतात. राहिलेलं वर्ष पुरं करायचं का, असं त्यांनी दोन-तीनदा विचारून पाहिलं. नातीला मी सांभाळतो, कॉलेजातही मीच नेऊन सोडतो म्हणाले. मनिषनंही हरकत नाही म्हटलं. रक्षा दर वेळी "पाहू" म्हणते. सिहोऱ्यात ती ओसरीवर गावच्या पोरांची शिकवणी घेते. गोपीचंद गेले की कधी कधी मागे भिंतीला टेकून बसतात. ती चांगलं शिकवते. ते त्यांना आता नीट ऐकू येतं, आणि जितकं नीट येतं तितकं तिथं बसवत नाही.