कागदावर बरी झालेली बाई

उत्तरायणानंतरचा, म्हणजे संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार: महाविद्यालयाची गाडी गावाला जाणे बंद. जबाबदार, प्राचार्य.
पुढचे सहा सोमवार: न झालेल्या भेटींच्या नोंदी. जबाबदार, माझी विद्यार्थिनी.
होळीआधीचा शनिवार: त्या नोंदींवर न वाचता सही. जबाबदार, मी.
धुळेटीनंतरचा सोमवार: ‘रुग्ण आधाराशिवाय चालते’ या शेऱ्यावर प्रकरण बंद. जबाबदार, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. त्यांनी रुग्णाला पाहिलेच नाही.

मी बडोद्यात फिजिओथेरपी शिकवतो. आजोबा संस्थानच्या कचेरीत दप्तर सांभाळत. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करू नये, हे मी त्यांच्याकडून शिकलो होतो.

बाजव्यापलीकडच्या त्या गावात अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली एक बाई आहे. तिला एकच गोष्ट हवी होती: चुलीपुढे जमिनीवर बसावे आणि कुणाचा हात न धरता उठावे. आम्ही महाविद्यालयात सारे उंच खाटेवर शिकवतो. सुभानपुऱ्याच्या माझ्या विद्यार्थिनीने मात्र ओढणी खोचली आणि तिच्याशेजारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसली. चौथ्या सोमवारी बाई पाटाला धरून उठली. मग गाडी बंद झाली.

आमच्याकडे जर्नलात, म्हणजे नोंदवहीत, भेटी भरल्या नाहीत, तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणून वरच्या वर्गाची जुनी जर्नले हातोहात फिरतात. माझ्या विद्यार्थिनीने त्यातल्या एका रुग्णाच्या नोंदी उतरवून काढल्या. तो रुग्ण पूर्ण बरा झालेला होता. माझ्या सहीनंतर त्या नोंदी आरोग्य केंद्रात गेल्या.

चैत्रात मी तिला घेऊन एसटीने गावी गेलो. बाईची उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. पायाला लावायचा मंजूर झालेला स्प्लिंट शेऱ्यामुळे रद्द झाला होता. मी तो शेरा वाचून दाखवला.

“कागळमां तो वहु दोडे छे, सायेब,” खाटल्यावरची सासू म्हणाली. “कहो एने, पाणी भरी आवे!”

कागदावर धावणारी सून हसली नाही. तिने पदराने पाय झाकला.

परतताना विद्यार्थिनी रडत म्हणाली, “सर, सगळ्यांच्याच जर्नलात असं असतं.”

“मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही सही केलीत, सर. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”



त्यानंतर मी पत्रे लिहिली. माझी चूक पहिल्याच परिच्छेदात कबूल केली आणि नोंद रद्द करण्याची विनंती केली. प्राचार्यांनी कळवले की वाहनाचा विषय विचाराधीन आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिले: “नोंदीनुसार रुग्ण बरी आहे. नोंदीवर सही आपलीच आहे.” ते खरे आहे. मी तिच्यासाठी लिहितो त्या प्रत्येक पत्राला माझीच सही आडवी येते.

मी दर सोमवारी एसटीने जातो. आठवड्यातून एकदा ताणलेली पोटरी सहा दिवसांत पुन्हा आखडते. घोट्याचा सांधा कायमचा आखडला की कुठलाही आदेश तो सोडवणार नाही. कोणत्या महिन्यात तसे होईल, हे मला ढोबळ कळते आणि त्यामुळे झोप लागत नाही.

म्हणून ही माझी जाहीर मागणी. प्राचार्यांनी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी येत्या सोमवारी त्या अंगणात यावे. साऱ्या गावादेखत तिला जमिनीवरून उठायला सांगावे. ती उठू शकली नाही, तर कोणी, काय पाहून तिला बरी ठरवले, याचे उत्तर तिथेच, तिच्यासमोर द्यावे. पहिले उत्तर मी देईन. दुसरे कोण देणार, ते आत्ताच सांगा.