ज्येष्ठ मार्गदर्शक

अमरावतीला उपयोजित कलेचा चार वर्षांचा कोर्स संपवून मी नेरला परत आले, तेव्हा माझ्या पदवीचा नेमका अर्थ घरात कोणालाच लागत नव्हता. माझे बाबा शिलाईकाम करतात. बसस्थानकासमोर त्यांचं दुकान आहे आणि सारं नेर त्यांना मास्तर म्हणतं. त्यांनी पदवीचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "म्हंजे आता तू कोन झाली?"

"ग्राफिक डिझायनर."

"ते समजलं. पन झाली कोन?"

त्यांच्या मते या प्रश्नाचं उत्तर एकच असू शकत होतं : तलाठी. भरती निघणार अशी बातमी होती. यवतमाळच्या एका अभ्यासिकेत बसायचं असं ठरलं आणि बाबांनी मला एसटीचा पास काढून दिला. मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि अभ्यासिकेच्या दारावरून तशीच पुढे जायचे. पिशवीत सामान्य ज्ञानाच्या जाड पुस्तकामागे माझ्या डिझाइनची फाइल असायची. आईला हे ठाऊक होतं. "सापडली तं मले काई मालूम नाई," एवढंच तिने मला बजावलं होतं.

नोकरी शोधणं म्हणजे फार काही नव्हतं, दारोदार फिरणं होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसवाल्याने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. गणपती उजवीकडे ठेवायचा की मध्ये, एवढंच त्याला ऐकायचं होतं. मी म्हटलं, मजकुरावर अवलंबून आहे. तो म्हणाला, "मध्येच ठेवाचा असते, ताई," आणि मुलाखत संपली. एका फोटो स्टुडिओत तर लग्नाच्या अल्बममधून नवरदेवाच्या आत्याला गायब करून दाखवायला सांगितलं. केलं गायब. मग कळलं, चुकीची आत्या गेली होती.

दहाव्या की बाराव्या दिवशी मी एका फ्लेक्सच्या दुकानात शिरले. मालक साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. पूर्वी ते हाताने पाट्या रंगवायचे. गावातल्या कितीतरी जुन्या दुकानांवरची अक्षरं त्यांच्या ब्रशची. फ्लेक्स आले तेव्हा त्यांनी मशीन घेतलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं, "चाचा, काम आहे का?"

त्यांनी वर न बघता विचारलं, "कम्प्यूटर आता है?"

"हो."

"बैठ."

त्यांचा ऑपरेटर बहिणीच्या लग्नाला पुसदला गेला होता, त्याचा फोन बंद होता आणि समोर एक कार्यकर्ता अक्षरशः नाचत होता. त्याच्या नेत्याचा, म्हणजे भाऊंचा, दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. बॅनर आजच्या आज पाहिजे होता. चाचांना माझी परीक्षा घ्यायची होती की खरंच काम करून घ्यायचं होतं, ते मला कळलं नाही. मी परीक्षाच समजले आणि जीव ओतला. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, एका बाजूला भाऊंचा हसरा चेहरा, खाली एकच ओळ. बाकी सगळी मोकळी जागा.

कार्यकर्त्याने पडद्याकडे पाहिलं. "ताई, भाऊ एकटेच काहून? आमी का मेलो?"

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, येवढी जागा खाली कायले सोडली?"

"चाचा, रिकामी जागा बोलते," मी म्हटलं. कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं.

"बोलू दे. पर गिऱ्हाईक बी बोलून राह्यला ना."

मग मोबाइलवर शुभेच्छुकांचे फोटो येऊ लागले. बत्तीस. कोणी गॉगल लावून, कोणी बुलेटवर बसून, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा कापलेला हात. मी आठ-आठच्या चार ओळी केल्या. प्रत्येकाच्या खाली पद टाकलं : तालुका उपाध्यक्ष, युवा नेतृत्व, गोरगरिबांचा आधार. सगळं बसलं आणि कार्यकर्त्याचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर तो शेवटच्या ओळीतल्या एका गॉगलवर बोट ठेवून म्हणाला, "याले काढा. हा आज दुपारी तिकडं गेला."

"तिकडं म्हणजे?"

"तिकडं," त्याने दुसऱ्या दिशेला मान हलवली. "मी दुसरा फोटो पाठवतो," म्हणून तो चहाला गेला.

आता एक चौकोन रिकामा. त्या ओळीत सातच ठेवावेत, तर सातांचे चेहरे मोठे होणार आणि यवतमाळात कोणाचा चेहरा मोठा छापायचा हा साधा प्रश्न नाही. तोवर चौकट कशी दिसते ते बघावं म्हणून मी माझ्या मोबाइलमध्ये एखादा फोटो शोधला. बाबांचा पासपोर्ट फोटो सापडला. माझ्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी त्यांनी एकदाच काढलेला, डोळे वटारलेले, जणू फोटोग्राफरने कापड आखूड आणलंय. तो चौकोनात असा फिट बसला की माझं मलाच हसू आलं. हसता हसता मी खाली टाइप केलं : ज्येष्ठ मार्गदर्शक.

आणि डबा खायला मागच्या खोलीत गेले.

भेंडीची भाजी अर्धी झाली असेल, तोच मशीनचा खर्र-खर्र आवाज सुरू झाला. बाहेर येऊन पाहते तर बॅनर निघत होता. कार्यकर्त्याने फोनवर घाई केली, चाचांनी चौकोन भरलेला पाहिला आणि फाइल छपाईला सोडून दिली होती. फ्लेक्सवर भाऊ येऊन गेले होते, युवा नेतृत्व येऊन गेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत आधी बाबांचा भांग आला, मग कपाळ, मग ते वटारलेले डोळे. एकेक चेहरा परातीएवढा.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात चाचा म्हणाले, "हात साफ है तुहा. कल से आ जा."

उघडलेल्या तोंडातून "हो चाचा" बाहेर पडलं.

"किती नग आहेत?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"तीन. एक इथं, एक बाभुळगाव, एक नेर."

"नेरला कुठं?"

"बस्टँडसमोर. और कहाँ?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने निघाले, तेव्हा बॅनर लागला नव्हता. दिवसभर मी दुकानात बसून व्हिजिटिंग कार्डं केली आणि वारा सुटावा, बॅनर उडून जावा, अशी प्रार्थना केली. संध्याकाळी गाडी नेरच्या स्थानकात वळली आणि मला तो दिसला. त्याच्या खाली बाबा उभे होते. हात मागे बांधलेले, मान वर.

मी उतरून स्थानकाच्या मागच्या बाजूने घरी पळाले.

बाबा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आईने ताट वाढलं. पहिला घास घेण्याआधी ते म्हणाले, "आज लोकं मले नमस्कार करून राह्यले."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे.

"सकाळपासून. मले वाटलं, कोनं काई वाईट बातमी पसरवली का. मंग चहावाला म्हने, मार्गदर्शक, आज साखर कमी टाकू का? म्या चष्मा बदलून वर पाह्यलं." त्यांनी भाकरी मोडली. "बत्तीस जनांत एकट्या माह्याच कॉलरची एक बाजू वर. शिंप्याची!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. दुपारी एक म्हातारी दुकानात आली. तिचा निराधार योजनेचा कागद तहसिलीत कितीतरी दिवस अडकला होता. बाबांनी हात जोडून सांगितलं, माय, मी कोणी नाही. ती बॅनरकडे बोट दाखवून म्हणाली, नाही कसा, लिहिलंय ना. शेवटी तिला घेऊन बाबा गेले. जन्मात ज्या कार्यालयात त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं, तिथे बॅनर पाहिलेल्या बाबूने खुर्ची दिली. कागद दहा मिनिटांत निघाला.

हे सांगताना त्यांच्या आवाजात जरा मजा आली होती. मला वाटलं, निभावलं.

"पन एक सांग," ते म्हणाले. "तो फोटो म्या जगात एकाच जागी देला होता. तुह्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मले."

आईने भाजीचं पातेलं उचललं आणि त्यात काहीतरी शोधू लागली.

मी सगळं सांगितलं. प्रेस, चुकीची आत्या, चाचा, तिकडं गेलेला गॉगल, सगळं. बाबा बॅनरवर रागावले नाहीत. "कॉलरचं तरी सांगाचं होतं, नीट करून दुसरा देला असता," असंही म्हणाले. पण अभ्यासिकेचं कळल्यावर त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "म्या तुले कवा अडवलं? विचारलं तरी होतं काय तू मले?" मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. त्यांनी सरकवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, "हो. म्हनलो असतो." आणि त्या 'हो'मुळे मला जेवढं रडू आलं, तेवढं ते ओरडले असते तर आलं नसतं.

सकाळी ते माझ्या आधी तयार होते. इस्त्रीचा शर्ट, कॉलर दोन्हीकडून सारखी. "चाल, पाहू दे तुहं हापिस."

आम्ही दुकानात शिरताच चाचा खुर्चीतून उठले. "आइये, आइये साहेब! आपको कहीं देखा है." मी म्हटलं, "चाचा, परवा छापलंय." मग त्यांनाही सांगावं लागलं. चाचांचा चेहरा आधी लाल झाला. गिऱ्हाइकाच्या कामात थट्टा त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी माझ्यादेखत त्या कार्यकर्त्याला फोन लावला आणि चूक कबूल करायला सुरुवात केली. पलीकडून तोच मोठ्याने बोलू लागला, फोनमधून आम्हालाही ऐकू येत होतं : "चाचा, ते मार्गदर्शक कोनाकडले हायत हो? भाऊ विचारून राह्यले. अध्यक्ष म्हनते सचिवानं आनले, सचिव म्हनते अध्यक्षानं. आमी भाऊले सांगतलं, लई जुने मानूस हायत. आता त्यायले शाल द्याचं ठरलं."

चाचांनी फोनवर हात ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी जोरजोरात मान हलवली. "ते कार्यक्रमात येत नाहीत," चाचा फोनमध्ये म्हणाले. "सीधे आदमी हैं," आणि फोन ठेवून ते असे हसले की त्यांना ठसका लागला.

मला शिक्षा झालीच. महिनाभर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी रोज तासभर ब्रशने जुन्या वर्तमानपत्रावर अक्षरं काढायची. आणि बाबांची अट वेगळी : भरती निघाली की परीक्षेला एकदा बसायचं. मी पुढे बसले, आणि जितक्या मनापासून नापास होता येतं तितकी झाले.

पण त्या सकाळी बाबा लगेच गेले नाहीत. चाचांनी त्यांना मशीन दाखवलं, बाबांनी फ्लेक्सची कडा बोटात धरून तिची शिवण कशी टिकेल ते सांगितलं. दोघं कडेच्या दुमडीवर पाऊण तास बोलत राहिले. नेरच्या दोन गाड्या निघून गेल्या. मी एका साडीच्या दुकानाची जाहिरात करत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर मी पदर सरळ रेषेत कापला होता.

"कापड असं पडत नाई," ते म्हणाले, आणि पडद्यावर बोट टेकवून पदराची खरी वळणं दाखवू लागले. चाचा ओरडले, "मास्तर, स्क्रीनला हात नका लावू!" बाबांनी बोट काढलं, पण तिथून हलले नाहीत. मी पदर बदलला. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. मग पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "घरी विसरली होती," म्हणाले. "मी निंगतो. तू संध्याकाळच्या गाडीनं ये."