पुन्हा वरच्या वाडीचाच ढोल

यंदाही जत्रेत ढोलाचा पहिला नंबर वरच्या वाडीला गेला. निकाल सांगायच्या आधीच माणसं चपला शोधत होती. "त्यांचंच नाव येणार, चला," शेजारच्या अक्का म्हणाल्या. "फिरती ढाल आता तिकडंच ठेवा म्हणावं."

वाडीला कालव्याचं पाणी आहे. तिथली पोरं घरीच राहतात, रोज संध्याकाळी मिळून वाजवतात. आमची पोरं शहरात कामाला. आदल्या दिवशी येतात, ढोल उन्हात तापवतात आणि तशीच स्पर्धेला उभी राहतात. एकत्र राहिल्याशिवाय हात एकत्र पडत नाहीत.

माझा दामू खांद्यावरचा ढोल उतरवत म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी आम्ही नाव देत नाही. लोक हसतात."

मी बरं म्हटलं. वर्षातून एकदा तो घरी येतो, तो या ढोलापायीच.