इल्मारीला दिसलेली शिंगं

इल्मारी राउतियो आमच्या गावचा सुतार आणि शिकारीच्या टोळीतला सगळ्यात चपळ नेमबाज. सरावाला लाकडी एल्क, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाचा पुतळा, रुळावरून सरकत जायचा. आमची बंदूक खांद्याला लागेपर्यंत इल्मारीची गोळी सुटलेली असायची.

"कुठून येणार ते ठाऊक असलं की डोळा आधीच तिथं जाऊन बसतो," तो म्हणायचा.

त्या ऑक्टोबरात शिकारीला सावज हाकणारी कुत्री माझ्याकडे होती. सकाळभर दलदलीवरचं धुकं हललं नव्हतं. कुत्री भुंकली, पलीकडे फांद्या मोडल्या, आणि मी वायरलेसवर बोलून गेलो, "इल्मारी, तुझ्याकडेच येतोय बघ. मोठा नर आहे. शिंगं बघून वेडा होशील!"

"येऊ दे की," तो हसला.

मी एल्क पाहिलाच नव्हता. नुसता आवाज ऐकला होता.

चार मिनिटांनी बंदूक वाजली. पाठोपाठ बाईची किंकाळी.

गावात टपाल वाटणारी हेल्वी तिथं वाकून रानफळं वेचत होती. अंगात तपकिरी कोट. गोळी खांद्यातून आरपार गेली. ती वाचली, पण उजवा हात कायमचा लुळा पडला.

काय दिसलं ते काढ म्हणून पोलिसांनी इल्मारीला कागद-पेन्सिल दिली. त्यानं शिंगं काढून दाखवली, दोन्हीकडे सात-सात टोकं, एक मोडकं. मग त्याच जागी, तशाच कोटात एका बाईला वाकायला सांगून त्यांनी त्याला विचारलं, "आता काय दिसतंय?"

"बाई."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी एल्क होता, साहेब."

तो खोटं बोलत नव्हता. मी न बघताच शिंगांचं बोललो होतो, हे मी पोलिसांना सांगितलं, मग त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

"तू सांगितलंस खरं," तो म्हणाला, "पण पाहिलं मी."

बंदूक जप्त झाली, शिक्षा सौम्य झाली. हेल्वीनं त्याला माफही केलं. पण इल्मारीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. परवा मी त्याच्या अंगणात बसलो होतो. झाडांकडून कुणीतरी येताना दिसलं. इल्मारी उठून उभा राहिला, एक हात पुढे धरून.

"साइमा?"

"मीच आहे रे," त्याची बायको म्हणाली.

"परत बोल."

ती जागीच थांबली. सवयीनं, न चिडता, तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं. तेव्हा कुठं त्यानं हात खाली घेतला.