गाळाखालचा मुरूम

काल केडगावच्या घरी बागेसाठी तलावातल्या गाळाचा टेम्पो रिकामा झाला. तो ओला, शेवाळी वास आला आणि मी माळ्यावर उगाच खेकसलो. राग त्याच्यावर नव्हताच.

नव्वदच्या दशकातली आमची वाटणी. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, अशी रीत. काका नोकरीला परगावी असताना वडिलांनी विहिरीजवळच्या मुरमाड तुकड्यावर वीतभर गाळ पसरला होता. खडक झिजून काळी माती व्हायला हजारो वर्षं लागतात. आमच्या वडिलांनी ती एका उन्हाळ्यात केली.

मी तेव्हा शेतकी कॉलेजात माती शिकत होतो. काका म्हणाले, "काय मास्तर, कंचा वाटा उचलू?"

मी ढेकूळ चुरलं. फावड्याचा एक घाव घातला असता, तर मुरूम उघडा पडला असता. वडील माझ्याकडे रोखून बघत होते.

"विहिरीजवळचा घ्या," मी म्हणालो.

"बघ दादा, शिकल्यालं पोर घरात हाय, आता फसायचं भ्या न्हाई!"

पहिल्याच नांगरटीला काकांचा फाळ मुरमावर करकरला. आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला. वडिलांनी चहाचा घोट घेतला. मीही घेतला. हरामखोर होतो आम्ही दोघंही.