सभा शांततेत पार पडली नव्हती

त्या सकाळी मी ग्रामपंचायतीच्या ऑफिसातल्या गणपतीला उदबत्ती लावली आणि थोड्या वेळाने दाराला आतून कडी घातली.

बाहेर ओट्यावर आमच्या सरपंचबाईंना काठ्यांनी मारत होते.

साल शहाण्णव. मी वीस वर्षांचा, पंचायतीत क्लार्क. गाव बोईसरच्या पूर्वेला. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

परवा देवकीमावशी गेली. म्हणून लिहितोय.

मावशी पाड्यावरची. थोडा भात, थोडी नाचणी. घटनेत दुरुस्ती झाली, पंचायतीत बायकांना जागा राखीव झाल्या, तेव्हा माजी सरपंच अण्णांनी तिला उभी केली. "खुर्ची तिची, कारभार माझा," असं ते चारचौघांत हसत म्हणायचे.

आमच्याकडे पद्धतच होती. ग्रामसभा भरायचीच नाही. मी प्रोसिडिंगचं रजिस्टर सायकलला लावून पाड्यावर न्यायचो. मावशी चुलीपुढून उठायची, हात पुसायची आणि कोऱ्या पानावर अंगठा द्यायची. मजकूर नंतर अण्णा सांगायचे. लिहायचो मी.

गावच्या शाळेत गुरुजींनी माझं अक्षर वळणदार केलं होतं. ते असं कामी आलं.

मग मावशीला पालघरला ट्रेनिंगला बोलावलं. येताना तिने घटनेतल्या पंचायतीच्या कलमांची एक पातळ पुस्तिका आणली.

"वाच."

मी वाचलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मंग पयले बायांना जागा नव्हती, ती लिवणाऱ्यांची चूक का?"

"चूक म्हण, राहून गेलेलं म्हण. ध्यानात आल्यावर दुरुस्ती केली. कधी काय बदललं ते पानाच्या तळाशी टीप देऊन लिहितात."

"लपवत नाय?"

"नाही."

"बेस हाय," ती म्हणाली. "आता मला सही शिकव. आंगठा बास झाला."

पंधरा दिवसांत शिकली. पाटीवर गिरवून गिरवून. पहिली सही केली त्या दिवशी मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली.

पुढे अण्णांना गावचं गुरचरण कारखान्यासाठी द्यायचं होतं. ना-हरकत ठराव हवा होता. मी नेहमीप्रमाणे कोरं पान घेऊन गेलो.

मावशी हसली. "जा रं. सभा बोलाव. सगल्यांपुढं वाच. मंग बघू."

सभा भरली. पाड्यावरच्या बायाही आल्या. मावशी ओट्यावर उभी राहिली.

"आमची गुरां कुठं चरतील? मी सही करणार नाय."

अण्णांचा पुतण्या ओरडला, "खुर्ची दिली तर डोक्यावर बसली काय?"

पहिली काठी पाठीवर पडली. दुसरी डोक्यात.

मध्ये पडलेल्या बायांना केसांना धरून अंगणात फेकलं. पुरुष पळाले. मी दाराच्या आतच टेबलाशी बसलो होतो. मी कडी घातली.

खिडकीतून सगळं दिसत होतं.

तिचा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि काठीचा बुंधा घातला. एकदा. दोनदा. बोटं मोडल्याचा आवाज आतपर्यंत आला.

"कर आता सही!"

मावशी ओरडली आणि मग ओरडायची थांबली.

थोड्या वेळाने अण्णांनी दार वाजवलं. हळू, पाहुण्यासारखं.

"पोरा, उघड. रजिस्टर आण. शाईचं पॅड पण."

मी उघडलं. आणलं. पॅडचं झाकणसुद्धा मीच काढलं.

बेशुद्ध मावशीचा डावा अंगठा त्यांनी पानावर टेकवला. निळ्या शाईत रक्त मिसळलं. मग अण्णांनी सांगितलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. ठराव सर्वानुमते मंजूर. सभा शांततेत पार पडली.

पोलीस आले. रजिस्टर पाहिलं. बाई पायरीवरून पडली असं गावाने सांगितलं.

सही येणाऱ्या बाईने अंगठा का दिला, एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कुणी विचारलं नाही. ज्याने तिला सही शिकवली होती, तो समोरच उभा होता.

गुरचरणावर कारखाना झाला. मावशी पुन्हा ओट्यावर चढली नाही. काही वर्षांनी बोईसरच्या बाजारात रानभाजी विकताना दिसली. जुड्या डाव्या हाताने उचलत होती.

"मावशी, हात कसा आहे?"

"हात गेला. तुजा अक्षर मातर बेस राह्यला."

त्यानंतर मी रोज जप करतो. एक दिवस चुकवला नाही. पण देवापुढे हात जोडले की ते पॅड आठवतं. देवाने कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आज सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, ग्रामसभा सुरू झाली. शाळेतल्या मुलीने उद्देशिका वाचली.

मी कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं आणि उभा राहिलो. ते पान मोठ्याने वाचलं. ठसा आता तपकिरी झालाय.

अण्णा पहिल्या रांगेत होते. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी.

"बस खाली. नोकरीची दहा वर्षं राहिलीत तुझी."

"अण्णा, तेव्हा बसलोच होतो."

ग्रामसेवक तरुण आहे. घाबरला. "काका, जुनं प्रोसिडिंग बदलता येत नाही."

"बदलत नाही साहेब. एक अक्षर खोडणार नाही. तळाशी टीप लिहितोय."

आणि लिहिली.

"ही सभा शांततेत झाली नाही. सरपंच देवकीबाई यांनी ठरावास नकार दिला होता. त्यांचा सहीचा हात मोडून, त्या बेशुद्ध असताना अंगठा घेतला. शाईचं पॅड मी दिलं. वरील खोटा मजकूर माझ्या अक्षरात आहे."

खाली आजची तारीख घातली, माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. पानाचा फोटो सोबत टाकलाय.

मावशी, तळाशी लिहिलं. लपवलं नाय.

आता निवांत जा.