डोळे मिटलेले

टेलरमास्तरांना फोटोंचं भारी वेड. नेटवर टाकलेले फोटोही त्यांना कपड्यांसारखे लावून ठेवलेले लागत. हसरे एका अल्बममध्ये, पाठमोरे दुसऱ्यात. बटण दाबताना ज्यांनी नेमक्या पापण्या मिटल्या, त्यांचाही अल्बम झाला. नाव दिलं ‘डोळे मिटलेले’, आणि तो चुकून साऱ्या गोतावळ्याला गेला.

पहिलाच फोटो सासऱ्यांचा. खाली धडाधड पडू लागलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली!’, ‘देवमाणूस गेला!’

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. धावतपळत सासरवाडी गाठली, तर सासरे ठणठणीत, मोबाइलला नाक लावून वाचत बसलेले.

“मामा, आत्ता काढून टाकतो!”

“खबरदार हात लावाल तर, जावईबापू! आमच्या धाकट्या भावाने अजून गळा काढलेला नाही.”